जमा, नावे

भवानी पेठेत वडिलांचं गुळाचं दुकान होतं.
तिथली एक लाल पुठ्ठ्याची चोपडी मला मिळाली,
मधली सात पानं चिकटलेली, अजून उघडत नाहीत.
बहात्तर सालापासून तिच्यात मी हिशेब ठेवते.
डावीकडे जमा: पुस्तकात काय होतं.
उजवीकडे नावे: पडद्यावर त्याचं काय झालं.

पहिली नोंद. पुस्तकात विहीर, पडद्यावर नदी.
(विहिरीत नाचणार कशी, असं माझा भाऊ.)
पुस्तकातली चंपू डाव्या पायानं जरा लंगडते,
पडद्यावरची सरळ चालते, सरळ गाते, सरळ मरते.
वाचताना मी तिला शिवणाच्या बाईंचा चेहरा दिला होता,
ओठांत टाचण्या धरून बोलणाऱ्या.
तो गेला तो गेलाच.
आता पान उघडलं की कोरलेल्या भुवयांची नटी येते.
ही तूट कुठल्या खात्यात मांडायची
ते वडिलांनाही सांगता आलं नाही.

शिवाय गाळलेली माणसं.
चाळीस पानं अडवून बसलेला पोस्टमन,
एक मुकी आत्या, घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा.
पडद्याला त्यांच्यासाठी वेळ नसतो.
त्यांची नावं मी शेवटच्या पानावर लिहिली, उधारीसारखी.
दुपारी भांडी झाली की
कधीकधी हजेरी घेते.

खोटं का बोला, एकदा पडदा जिंकला.
लेखकानं दोन पानं दुःख लिहिलं होतं, उपमांसकट.
पडद्यावर माणूस नुसता नळ बंद करतो
आणि हात तोटीवरच राहतो.
घरी येऊन मी जमेची बाजू खोडली.
लायब्ररीच्या आठल्यांना हे सांगितलं तर
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पुढचे तीन आठवडे मला नवं पुस्तक दिलं नाही.

मल्लिनाथ पुस्तक वाचायचे नाहीत.
सिनेमाला यायचे, मध्यंतरात वडा खायचे,
आणि दिवे गेले की झोपायचे.
अलकातून बाहेर पडलो की स्कूटरला किक मारत विचारायचे,
"शेवटी काय झालं गं?"
मी पुस्तकातला शेवट सांगायची.
लक्ष्मी रोड संपेपर्यंत पुरायचा.
असे तीस वर्षं ते
पडद्यावर न झालेल्या गोष्टींवर जगले,
लग्नकार्यात लोकांशी वाद घातले,
आणि मी शेजारी बसून भात कालवत राहिले.

एकाच रात्री तसं केलं नाही.
त्या आठवड्यात सोलापूरहून कार्ड आलं होतं:
बसवराज, त्यांचा धाकटा, घर सोडून गेलेला,
अजून पत्ता नाही.
सिनेमात एक भाऊ जातो. परत येत नाही.
पुस्तकातही येत नाही, तिथे तर
त्याची चप्पलसुद्धा सापडत नाही.
त्यांनी किक मारली, विचारलं.
मी म्हणाले, "येतो परत.
पावसाळ्याच्या आधी येतो. आई भाकरी थापत असते."
"बरं झालं," म्हणाले,
आणि नाना पेठेपर्यंत काही बोलले नाहीत.

ते पान कोरं आहे.
जमेला काही नाही, नावे काही नाही.
समासात फक्त तारीख.

पुढे खूप वर्षांनी तोच सिनेमा टीव्हीवर लागला.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना झोप येत नव्हती,
म्हणून पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागे राहिले.
मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते.
दार उघडं राहिलं. कुणी आलं नाही.
नावं वर सरकू लागली, जाहिरात लागली,
आवाज कमी केल्याचं मला ऐकू आलं.

"पुस्तकात वेगळं असेल," ते म्हणाले,
"नाही का?"

मी पुसलेला डबा परत पुसला.
हो म्हणाले.